वाफ घरात, विस्तव अंगणात

हिवाळा हा आपल्याकडे खाण्याचा ऋतू मानला जातो. भूक चांगली लागते, खाल्लेले अंगी लागते आणि बाजारही अशा वेळी भरभरून देतो. वांगी, पावटा, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, कोवळी ज्वारी, नवा गूळ, तीळ! पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या आपल्या या कारखान्यांच्या मुलुखात थंडीतला स्वयंपाक दोन टोकांनी चालतो. एका टोकाला पहाटे पाचला खोलीच्या कोपऱ्यात लागणारा विजेवरचा प्रेशर कुकर, तर दुसऱ्या टोकाला सुट्टीच्या संध्याकाळी मोकळ्या जागेत पेटणारा विस्तव. मग तो तीन दगडांच्या चुलीचा असो, आगटीचा असो, की मोशी-रावेतकडच्या उंच इमारतींच्या गच्चीवर ठेवलेल्या लोखंडी जाळीच्या शेगडीचा असो. या दोहोंचे शास्त्र काय, कोणते काम कोणाकडे सोपवावे आणि कोणापासून किती जपावे, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विषय घरगुती आहे खरा. पण त्यात जिवाशी गाठ असलेल्या दोन-तीन गोष्टी आहेत, म्हणून तो महाविद्यालयाच्या अंकात यावा असे मला वाटले.

प्रथम आपल्या परिसराविषयी थोडेसे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी इंद्रायणी ओलांडून कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणला पोहोचली. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ सालचा, तर फोक्सवॅगनचा २००९ सालचा. कारखान्यांमागून माणसे आली. खानदेशातून, मराठवाड्यातून, सोलापूरकडून, कोकणातून आणि अगदी उत्तरेकडूनही. प्रत्येकाने आपल्या गावचा हिवाळा बरोबर आणला. अंगण मात्र कोणालाच बरोबर आणता आले नाही. खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे या बाजूला एकेका खोलीत चार-चार मुले राहतात, एकेक कुटुंबही राहते. माझे आईवडीलही जळगाव जिल्ह्यातून असेच आले. चूल अंगणात असावी की घरात, हा प्रश्न गावाकडे कधी पडत नव्हता. तो इथे पडतो.

आता वाफेकडे वळू. उघड्या भांड्यातले पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंच असल्यामुळे इथे ते सुमारे ९८ अंशांनाच उकळते. खाली कितीही जाळ घातला तरी पाणी याहून तापत नाही. जास्तीची उष्णता वाफेबरोबर निघून जाते. म्हणूनच उघड्या पातेल्यात तुरीची डाळ किंवा हरभरे शिजायला एवढा वेळ आणि एवढे सरपण लागते. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली, की आतला दाब वाढतो आणि दाबाबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. आपल्या नेहमीच्या शिटीच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो अधिक दाब असतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. दहा अंश वाढले की रासायनिक क्रियेचा वेग दुपटीच्या घरात जातो, असा एक ढोबळ नियम आहे. तो धरला तर वीस अंशांत वेग चौपट झाला. तासाभराचे काम पाव तासात उरकते ते यामुळे.

ही युक्ती मुळात पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाची. त्याने १६७९ साली लंडनमध्ये हाडेसुद्धा मऊ करणारे वाफेचे बंद भांडे तयार केले. ते फुटू नये म्हणून त्याला वजन लावलेली झडप बसवली. आपल्या कुकरची शिटी ही त्या झडपेचीच वंशज होय. आपल्या देशात १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज ही दोन नावे कुकर घेऊन आली, आणि पुढच्या काही दशकांत शिटी हा मध्यमवर्गीय घरातला पहाटेचा आवाज होऊन बसला.

विजेवरचा कुकर हा याच घराण्यातला. परंतु त्याला शिटी नाही. बुडाशी तापणारी तबकडी, त्यावर आतले भांडे, आणि तापमान व दाब यांवर लक्ष ठेवणारी छोटी यंत्रणा अशी त्याची रचना असते. ठरलेला दाब झाला की वीज आपोआप बंद होते, दाब उतरू लागला की पुन्हा सुरू होते. २०१० साली कॅनडात ‘इन्स्टंट पॉट’ निघाला आणि हा प्रकार जगभर पसरला. अशा अनेक कुकरांतला दाब शिटीच्या कुकरपेक्षा किंचित कमी असतो, म्हणून काही मिनिटे जास्त द्यावी लागतात. सहा लिटरचा असा कुकर साधारण एक हजार वॉटचा असतो. तो सलग तासभर चालला तर एक युनिट वीज लागेल. पण दाब झाल्यावर तो अधूनमधूनच वीज घेतो, शिवाय चहूबाजूंनी झाकलेला असल्यामुळे थंडीतही त्याची उष्णता फारशी वाया जात नाही. आमच्या घरी तो आला तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, “शिटी वाजत नाही, मग शिजलं हे कळायचं कसं?” प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर असे, की हा कुकर वेळ मोजतो आणि आपण त्याच्यावर विश्वास टाकायचा. पहिल्या पाळीची बस पकडणाऱ्याला, आणि ज्यांच्या खोलीमालकाने गॅस किंवा स्टोव्ह वापरायला मनाई केली आहे अशा मुलांना, हा विश्वास फार मोलाचा वाटतो. रात्री भिजवलेली मटकी, पहाटे बटण, आंघोळ होईतो उसळ तयार!

मग विस्तवाची गरज काय? गरज आहे, आणि तिचे कारण रसायनशास्त्रात आहे. भाजलेल्या पदार्थाचा खमंगपणा, त्याचा तपकिरी रंग, यांमागे प्रथिनांतील घटक आणि साखर यांची एक क्रिया असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार याने १९१२ साली तिचे वर्णन केले. ही क्रिया १४० अंशांच्या पुढे कोरड्या उष्णतेत जोमाने चालते. कुकरमध्ये पाणी असते आणि पाणी असेतो तापमान १२० च्या वर फारसे जात नाही. तेव्हा कुकरमधला पदार्थ उत्तम शिजेल; खरपूस मात्र होणार नाही. भोगीला लेकुरवाळ्या भाजीतले पावटे, हरभरे, गाजर वाफेवर खुशाल शिजवा. तिच्याबरोबरच्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीला तवा आणि जाळच हवा.

खानदेशातले वांग्याचे भरीत हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे वांगे मोठे, हिरवट आणि कमी बियांचे असते. गावाकडे ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळात भाजतात. वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. बाहेरची साल जळून काळी होते. आतला गर मात्र सालीच्या आड स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो. धुराचा वास सालीतून आत उतरतो. मग साल काढून गर लाकडी भांड्यात ठेचायचा आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात यांच्या फोडणीत परतायचा. सोबत कळण्याची भाकरी. कुकरमध्ये उकडलेल्या वांग्याचेही भरीत होते, पण त्याला भरीत म्हणायला खानदेशी माणूस तयार होणार नाही.

नीट पाहिले तर आपले पुष्कळसे हिवाळी पदार्थ असेच स्वतःचे पांघरूण घेऊन आलेले आहेत. हुरड्याच्या कणसात कोवळा दाणा बोंडात असतो. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस खुपसले की दाणा आतल्या आत वाफवतो, आणि मग तो हातावर चोळून गरम गरम खायचा. हरभऱ्याचे घाटे झाडासकट भाजून हुळा करतात, त्यातही घाट्याचे टरफल हेच पांघरूण. घाटाखाली रायगड जिल्ह्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा भरतात, तोंड पाल्याने गच्च बंद करतात, मडके पालथे घालतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगा आपल्याच ओलाव्यावर शिजतात. पापँच्या भांड्याइतका दाब त्या मडक्यात नसतो, तरी वाफ कोंडायची आणि विस्तव बाहेर ठेवायचा हे तत्त्व आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

येथवर गुण झाले, आता दोष. जिथे विस्तव आहे तिथे धूर आहे. घरातल्या धुरामुळे होणाऱ्या प्रदूषणाने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख लोक दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. परंतु दिसणाऱ्या धुरापेक्षा न दिसणारा वायू अधिक घातक. लोणारी कोळशाला धूर फारसा नसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात तोच कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साईड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते. माणसाला आधी डोके जड वाटते, मळमळते, मग गुंगी येते. झोपलेल्याला तर तेही कळत नाही. जेवण झाल्यावर उरलेले निखारे ‘ऊब राहील’ म्हणून खोलीत नेणे आणि थंडीसाठी दार-खिडकी लावून घेणे, याहून घातक गोष्ट हिवाळ्यात दुसरी नाही. निखारा पाण्याने पुरता विझवावा, राख हाताला गार लागेपर्यंत ती घरात आणू नये.

दुसरा धोका खास आपल्या पट्ट्यातला आहे. इथे कपाशीच्या काड्या मिळत नाहीत. मिळतात त्या कारखान्यातून टाकून दिलेल्या लाकडी खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या. फुकटचे सरपण म्हणून त्या सर्रास चुलीत जातात. परदेशाशी ये-जा करणाऱ्या पॅलेटवर एक शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरे असली तर लाकूड किडीसाठी नुसते तापवलेले असते. ‘एमबी’ असली तर त्याला मिथिल ब्रोमाईड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ‘एमबी’चे लाकूड, रंग दिलेले लाकूड, यंत्राच्या तेलाने माखलेले लाकूड आणि प्लायवूड ही चारही अन्नाखाली जाळू नयेत. प्लायवूडच्या चिकट्यातील फॉर्माल्डिहाईड धुराबरोबर डोळ्यांत, नाकात आणि वांग्यातही जाते. ‘एचटी’ची फळीदेखील कशाने माखली आहे हे कळत नसेल तर ती बाजूला ठेवलेली बरी. बाभळीचे वाळके लाकूड किंवा गोवऱ्या विकत घ्याव्या लागल्या तरी त्या दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतात.

विजेच्या कुकरचेही पथ्य आहे. एक हजार वॉटचा कुकर २३० व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर वीज ओढतो. थंडीत त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर दीड हजार वॉटची पाणी तापवायची रॉड लावली तर आणखी साडेसहा. एकूण अकरा झाले. बोर्ड मात्र बहुधा सहा अँपिअरचा! वायर गरम होते, वितळते आणि सगळे झोपेत असताना जळते. तेव्हा दोन्ही एका वेळी एका बोर्डावर लावू नयेत. कुकर कोणताही असो, तो दोन-तृतीयांशाच्या वर भरू नये. डाळ-कडधान्ये फुगतात आणि फेसाळतात, त्यांना अर्ध्यावरच थांबावे. वाफेचे भोक दर वेळी पाहावे आणि दाब उतरल्याशिवाय झाकणाशी झटापट करू नये.

शेवटी एक गोष्ट, जी शास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. माझ्या पाहण्यात गुरुवारी कारखान्याला सुट्टी असली की विस्तवाभोवती पुरुष जमतात. वांगी फिरवतात, कणसे भाजतात, एकमेकांची थट्टा करतात आणि आपण स्वयंपाक केला असे सांगतात. उरलेले सहा दिवस पहाटे पाचला उठून कुकरचे बटण दाबणारी मात्र घरातली बाई असते, आणि गुरुवारचे पीठ मळणे, मिरच्या वाटणे, भांडी घासणे हेही तिच्याच वाट्याला राहते. कुकरने रोजचा अर्धा तास वाचवला हे खरे. पण तो अर्धा तास तिच्या हाती उरला का? बहुतेक घरांत तो दुसऱ्या कामाने गिळला. खोलीत चौघे मिळून राहणारी आयटीआयची मुले पाळी लावून कुकर लावतात आणि त्यात कोणाचे काही कमी होत नाही. त्यांना जे जमते ते आपल्यालाही जमावे. कडधान्य भिजवून वेळ लावणे ही विद्या दोन दिवसांत येते, आणि ती यायला मुलगी असावे लागत नाही.

सारांश, रोजचे शिजवणे वाफेकडे द्यावे आणि ते घरात करावे; भाजणे विस्तवाकडे द्यावे आणि ते उघड्या हवेत, स्वच्छ सरपणावर करावे. आणि विस्तव पेटेल त्या संध्याकाळी जिने आठवडाभर कुकर लावला तिला ताटकळत न ठेवता पहिले भाजलेले कणीस तिच्या हातात द्यावे.