'विद्युत' वर्गाच्या क्षेपणास्त्र नौका : रचना आणि कामगिरी



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने युद्धनौकांवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमच्या या पेठेच्या नावात लहरी आहेत, पण लहरीपुरा दरवाजातून बाहेर पडून कितीही चालले तरी लाट काही दिसत नाही. तरीही हा विषय मी निवडला, त्याला दोन कारणे आहेत. एक आहे शब्दांचे, दुसरे बडोद्याचे.

शब्दांचे आधी सांगतो. १९७१ च्या प्रारंभी भारतीय नौदलात सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या आठ लहान नौका दाखल झाल्या. त्यांची नावे अशी : विद्युत, विनाश, वीर, विजेता, निपात, निर्घात, निर्भीक, नाशक. चार 'व'कारी, चार 'न'कारी. नाव ठेवणाऱ्याला अनुप्रासाची आवड असावी! यांपैकी 'निपात' हा शब्द मी तीसहून अधिक वर्षे वर्गात शिकवला. यास्काचार्यांनी पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार प्रकार सांगितले. तेथला निपात म्हणजे 'च', 'वा', 'इव' यांसारखा इवलासा अविकारी शब्द. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कोसळणे, नाश. इवलेपण आणि संहार हे दोन्ही अर्थ या नौकेला लागू पडले. 'निर्घात' म्हणजे आकाशात वाऱ्यावर वारा आदळून होणारा गडगडाट. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरे कारण ओखामंडळाचे. आजच्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल, पण द्वारका आणि ओखा हा मुलूख १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत बडोदे संस्थानात होता. ओख्याचे बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ साली सुरू झाले. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना द्वारका कधी परगावची वाटली नाही. ती 'आपल्या राज्यातली'. म्हणून ७ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानी नौदलाच्या सात जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या, तेव्हा बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत त्याची सल विशेष बोचली. नुकसान फारसे झाले नव्हते. पण किनाऱ्याशी येऊन कोणी तोफा डागाव्यात आणि खुशाल परत जावे, हे मनातून जाईना. त्या सात जहाजांत 'खैबर' नावाची एक विनाशिका होती. तेही नाव ध्यानात असू द्यावे.

आता नौकेच्या रचनेकडे वळू. या वर्गाला पाश्चात्त्य देशांनी 'ओसा' हे नाव दिले. रशियन भाषेत ओसा म्हणजे गांधीलमाशी. लांबी अवघी ३९ मीटरच्या आत, वजन भरल्या भाराने दोनशे टनांच्या आसपास, खलाशी तीसहून कमी. तीन डिझेल इंजिने, प्रत्येक चार हजार अश्वशक्तीचे. त्यांच्या बळावर ती ताशी चाळीस नॉटच्या जवळपास धावे. स्वसंरक्षणासाठी ३० मिलिमीटरच्या दोन जोडतोफा. खरे हत्यार मात्र डेकवर दोन्ही बाजूंना बसविलेल्या चार कोठड्यांत. प्रत्येक कोठडीत एक 'पी-१५' क्षेपणास्त्र, वजन दोन टनांहून अधिक, पल्ला सुमारे ४० किलोमीटर. नौकेच्या रडारवर लक्ष्य दिसले की त्याची दिशा आणि अंतर क्षेपणास्त्राला द्यायचे. ते उडाले की पहिला टप्पा स्वयंचालकाच्या आधारे कापते, आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःचे रडार उघडून समोर जे मोठे दिसेल त्यावर झेपावते. तोफेचा गोळा सुटला की त्याचा मार्ग ठरलेला. हे अस्त्र वाटेत लक्ष्य शोधते, एवढाच फरक. पण या फरकाने समुद्रावरील युद्धाचे शास्त्रच बदलले. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या 'कोमार' जातीच्या, म्हणजे रशियन भाषेत डासाच्या नावाच्या, नौकांनी याच अस्त्राने इस्रायलची 'ऐलात' ही विनाशिका पोर्ट सैदजवळ बुडविली, तेव्हा जगाला ते प्रथम कळले.

या रचनेतच एक मोठी उणीव होती. रशियनांनी ही नौका आपल्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी घडविली होती. बंदरातून बाहेर पडावे, शत्रू जवळ आला की डंख मारावा आणि परत यावे. ताशी तीस नॉटने गेली तर इंधन आठशे सागरी मैल पुरे. मुंबईहून कराची सुमारे पाचशे मैल. जाऊन येऊन हजार. म्हणजे हिशेब सरळ तोट्याचा! शिवाय इतक्या लहान नौकेचे रडार दूरचे कितपत पाहणार, आणि पाणबुडी आली तर काय करणार?

या प्रश्नाचे उत्तर एका गैरसोयीतून सापडले, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मनोरम गोष्ट वाटते. नौका रशियाहून मोठ्या मालवाहू जहाजांवर लादून आल्या. त्या उतरविण्याइतकी जड यारी मुंबईला नव्हती, म्हणून त्या कलकत्त्यास उतरविल्या आणि तेथून दोरखंडाने ओढत मुंबईला आणल्या. मग विचार सुचला : शांततेत जी ओढून आणता येते, ती युद्धात ओढून का नेता येऊ नये? मोठ्या जहाजाने ती शत्रूच्या जवळपर्यंत न्यावी, तिचे इंधन आणि इंजिने राखावीत, आणि शेवटच्या धावेसाठी सोडावी. त्याचे सराव झाले. मराठा आरमारात वारा पडला की वल्ह्यांची गलबते मोठ्या गुराबांना ओढून लढाईत नेत. येथे थोरल्याने धाकट्याला ओढायचे होते. बाकी युक्ती आंग्ऱ्यांना परकी वाटली नसती.

नौसैनिकांचे शिक्षण व्लादिवोस्तोकच्या थंडीत झाले. यंत्रावरील पाट्या, पुस्तके, शिक्षक सारे रशियन. म्हणून आधी भाषा शिकावी लागली. पुढे हल्ल्याच्या वेळी हेच लोक बिनतारी यंत्रावर आपापसांत रशियनमधून बोलले. भाषाशिक्षणाचा एवढा रोकडा उपयोग झाल्याचे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. (आमच्या विद्यापीठातील परकीय भाषांच्या वर्गांत तेव्हा बाके रिकामी असत.)

३ डिसेंबर १९७१ रोजी युद्धास तोंड लागले. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांचे बालपण कराचीच्याच बंदरपरिसरात गेले होते. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन नौका कराचीकडे निघाल्या. सोबत 'किलतान' आणि 'कच्छाल' ही दोन मोठी जहाजे. लहान नौकांत जे नव्हते, म्हणजे दूरदृष्टीचे रडार आणि पाणबुडीविरोधी साधने, ते या दोघांजवळ होते. क्षेपणास्त्र नौकांच्या पथकाचे नेतृत्व कमांडर बबरूभान यादव यांच्याकडे होते. दिवसा शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर थांबावे, अंधार पडल्यावर धाव घ्यावी, असा बेत होता.

रात्री पावणेअकराच्या सुमारास 'निर्घात'च्या रडारवर एक मोठे जहाज दिसले. पहिले क्षेपणास्त्र सुटले. समोरच्या जहाजावरील लोकांना आकाशात येणारा प्रकाश दिसला. त्यांना तो विमानाचा वाटला, आणि बुडता बुडता त्यांनी तसाच संदेश धाडला. त्यात स्थानही चुकीचे गेले, त्यामुळे वाचलेल्यांच्या शोधाला वेळ लागला. थोड्या वेळाने दुसरे क्षेपणास्त्र आदळले. ते जहाज होते 'खैबर'. सहा वर्षांपूर्वी द्वारकेसमोर उभी राहिलेली तीच विनाशिका. तिच्यावरील २२२ माणसे गेली.

हा आकडा मी मुद्दाम सांगतो. द्वारकेचा हिशेब चुकता झाला असे तेव्हा आम्ही तरुण मुले म्हणत होतो. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेल्या खोलीत रेडिओभोवती बसून आम्ही टाळ्या वाजविल्या होत्या. आज सत्तरी ओलांडल्यावर त्या टाळ्यांबरोबर त्या चुकलेल्या संदेशाचीही आठवण होते.

त्याच रात्री 'वीर'ने 'मुहाफिज' ही सुरुंगनाशक नौका बुडविली. 'निपात'ने 'व्हीनस चॅलेंजर' या मालवाहू जहाजाचा आणि द्वारकेच्या सातांपैकी 'शाहजहान' या विनाशिकेचा वेध घेतला. पहिले बुडाले, दुसरे जबर जखमी झाले. मग कराचीच्या केमारी भागातील तेलाच्या टाक्यांच्या रोखाने अस्त्र सोडले. आपल्याकडील एकही नौका गमावली नाही. ८ डिसेंबरच्या रात्री एकट्या 'विनाश'ने 'त्रिशूल' आणि 'तलवार' यांच्या सोबतीने पुन्हा जाऊन चारही क्षेपणास्त्रे सोडली. केमारीच्या टाक्या पेटल्या. पण त्या रात्री बंदराबाहेर नांगरलेली तटस्थ देशांची मालवाहू जहाजेही सापडली. शेवटच्या टप्प्यात अस्त्राचे रडार ध्वज पाहत नाही. त्याला आकार तेवढा कळतो. या शोधाची ही दुसरी बाजू यंत्राच्या वर्णनात सहसा येत नाही.

आपल्या बाजूलाही झळ लागलीच. पाकिस्तानी विमानांनी ओखा बंदरावर बॉम्ब टाकले. तेथील इंधनसाठा पेटला. ९ डिसेंबरला दीवजवळ 'खुकरी' बुडाली.

'विद्युत' वर्गाच्या नौका पुढे हळूहळू निवृत्त झाल्या. त्यांच्या मागून १९७६-७७ मध्ये याच जातीच्या सुधारित आठ नौका आल्या. त्यांतली 'चपल' आज कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. ती १९७१ च्या युद्धात लढली अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाही. पण ज्यांना त्या कोठड्यांचा आकार आणि त्यांच्याखालची माणसांची कोंदट जागा पाहायची असेल, त्यांनी कारवारला अवश्य जावे. १९८७ पासून आलेल्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे दुप्पट वजनाच्या आणि गॅस टर्बाईनवर चालणाऱ्या 'वीर' वर्गात, बरीचशी जुनीच नावे पुन्हा दिली गेली. काही नौका मुंबईच्या माझगाव गोदीत आणि गोव्यात बांधल्या गेल्या. ती नवी 'निर्घात' ११ जानेवारी २०१८ रोजी 'निर्भीक'बरोबर मुंबईत निवृत्त झाली.