धुक्यातल्या वावरातून आकाशगंगेचा नकाशा

मे महिन्यातल्या अमावास्येला, मध्यरात्रीनंतर झरी जामणीच्या एखाद्या वावरात उभे राहा. दक्षिणेकडे वृश्चिक आणि धनू राशींतून जाणारा दुधट पट्टा दिसेल. ती आपली आकाशगंगा. तिच्या आत बसूनच तिचा नकाशा काढायचाय, कारण बाहेर जाऊन फोटो घेता येत नाही. (आकाशगंगेची ती सुंदर सर्पिल चित्रं चित्रकारांनी काढलेली असतात, हे मला एमएस्सीपर्यंत ठाऊक नव्हतं!)

विल्यम हर्शेलनं १७८५ मध्ये सरळ उपाय केला. वेगवेगळ्या दिशांना दुर्बीण रोखून तारे मोजले. जिकडे तारे जास्त, तिकडे आकाशगंगा लांबवर पसरलेली. उत्तर आलं, सूर्य जवळपास मध्यावर आहे.

आता पऱ्हाटीच्या वावरात दाट धुकं पडलंय असं समजा. कुठंही उभे राहिलात तरी चारी बाजूंना सारखीच पऱ्हाटी दिसते, धुरा दिसतच नाही. वाटतं, आपण मधोमध आहोत. हर्शेलनं कष्टानं मोजलं होतं, पण मधली जागा पारदर्शक आहे हे त्याचं गृहीतक चुकलं. ताऱ्यांमधली धूळ प्रकाश अडवते, हे रॉबर्ट ट्रम्पलरनं १९३० मध्ये दाखवून दिलं.

त्याआधीच, १९१८ मध्ये, हार्लो शॅप्लीनं धुक्याच्या वर डोकं काढणारी झाडं पाहिली होती. म्हणजे तबकडीच्या वर-खाली पसरलेले गोलाकार तारकागुच्छ. त्यांतल्या रूपविकारी ताऱ्यांवरून अंतरं काढली, तर सगळे गुच्छ धनू राशीकडच्या एका बिंदूभोवती जमलेले. केंद्र तिकडे! दिशा बरोबर, पण अंतर आजच्या सुमारे २६,००० प्रकाशवर्षांच्या दुपटीहून जास्त आलं.

धुळीतून आरपार जातात त्या रेडिओ लहरी. हायड्रोजन २१ सेंटीमीटरची लहर सोडतो, हे व्हान डी हुल्स्टचं १९४४ चं भाकीत. १९५१ मध्ये इवेन आणि पर्सेल यांना ती सापडली. वायू केंद्राभोवती फिरतो, त्यामुळे डॉप्लर परिणामानं लहरीची लांबी किंचित बदलते. त्यावरून वेग कळतो आणि वेगावरून जागा.

इथं एक मेख आहे. सूर्याच्या कक्षेच्या आतल्या भागात एकाच दिशेला दोन ठिकाणी, एक जवळ आणि एक लांब, तोच वेग मिळतो. मग खरं कुठलं? यासाठी नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी कामी येते. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सर्वत्र पसरलेल्या वायूचं उत्सर्जन बरंचसं गाळून टाकतात आणि लहान, तेजस्वी स्रोत नेमके टिपतात. स्रोतासमोरचा हायड्रोजन त्याच्या लहरी शोषतो. त्या दिशेचा सर्वाधिक वेग असलेल्या वायूचं शोषणही दिसलं, तर तो वायू स्रोताच्या अलीकडे आहे, म्हणजे स्रोत लांबच्या ठिकाणी. शोषण त्याच्या स्वतःच्या वेगापाशीच थांबलं, तर बहुधा जवळच्या. 'बहुधा' अशासाठी की वाटेत पुरेसा थंड हायड्रोजन नसेल, तरीही शोषण दिसत नाही.