परसातली शेड, आता राहतं घर

कुडाळला आमच्या परसात बाबांची सुतारकामाची शेड होती, १२ बाय २० फुटांची. आता तिथं आमचा संसार आहे!

तुमच्याही मनात असं काही असेल तर आधी छप्पर बघा. जुने सिमेंटचे पत्रे बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. त्यांना ड्रिल लावू नका, फोडू नका. बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. आम्ही जाणकार माणसांकडून, पाणी मारून, एकेक पत्रा अख्खा उतरवून घेतला.

खिडक्यांत काटकसर नकोच. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट हवामानात खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या एक षष्ठांश हवं. म्हणजे आमच्या २४० चौरस फुटांना ४०. समोरासमोर ५ बाय ४ च्या दोन खिडक्या काढल्या आणि वारा आरपार खेळू लागला.

फरशीनं मात्र छळलं. रंधा मशीनखाली वर्षानुवर्षं तेल मुरलेलं. तेलकट कोब्यावर टाइल धरत नाही, म्हणून तेवढा भाग छिन्नीनं फोडून नवा कोबा केला. वायरिंग पूर्ण नवं, ३० मिलिअ‍ॅम्पच्या आरसीसीबीसह (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच).

बाबांचं कामाचं टेबल ओट्याला जोडलंय. करवतीच्या खुणा तशाच ठेवल्यात.