बदलीचे बिऱ्हाड आणि औषधांची पिशवी

जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य वेचलेल्यांना बिऱ्हाड हलविणे नवे नसते. आपल्यापैकी अनेकांनी दर बदलीला नव्या गावी संसार मांडला असेल. निवृत्तीनंतरही ही भ्रमंती संपत नाही. चार महिने थोरल्याकडे, चार महिने लेकीकडे. गाव बदलले की डॉक्टरही बदलतात.

माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या पिशवीत रक्तदाबाच्या दोन गोळ्या निघाल्या. नावे निराळी, औषध एकच : अॅम्लोडिपिन. दोन गावच्या दोन डॉक्टरांनी लिहिलेले. गुरुजी दोन्ही नेमाने घेत होते! (शिस्त अशीही नडते.) पावले सुजलेली, उठताना भोवळ येई. सुदैवाने न्हाणीघरात पडण्यापूर्वी हे उमगले.

म्हणून नव्या डॉक्टरांकडे जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि सर्व गोळ्या सोबत न्याव्यात. पाकिटावर कंपनीने दिलेल्या नावाखेरीज मूळ औषधाचेही नाव छापलेले असते. ते मुलांनी वा सुनेने वाचून पाहावे. दोन पाकिटांवर तेच नाव आढळल्यास स्वतःहून काही बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. प्रवासात औषधे हाताशी असावीत. इन्सुलिन तर गाडीच्या डिकीत तापू देऊच नये.