श्रेयनामावली, चित्रपटातील

चित्रपटाचे नाव आणि तो घडविणाऱ्या व्यक्तींची नावे व कामे प्रेक्षकांपुढे मांडणाऱ्या दृश्यरचनेस श्रेयनामावली म्हणतात. ती चित्रपटाच्या प्रारंभी, अखेरीस किंवा दोन्ही ठिकाणी योजली जाते. आरेख्यक कला, बोधचित्रण आणि चलच्चित्रण या तीन कलांचा संगम तीत होतो. ग्रंथाच्या मुखपृष्ठाप्रमाणे ती आतील आशयाची सूचना देते आणि दस्तऐवजाप्रमाणे कोणी कोणते काम केले याची नोंद करते. ही दोन कार्ये परस्परपूरक असली, तरी पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात. चित्रच सर्व लक्ष वेधून घेऊ लागले, की नावे वाचली जात नाहीत. उलट नावांची नुसती जंत्री दिली, तर प्रेक्षक तिच्याकडे पाठ फिरवितो. नावे वाचावीशी वाटतील अशा रीतीने दृश्याची योजना करणे, हे या कलेचे सार होय.

स्वरूप व रचनातत्त्वे : मुद्रित पृष्ठावर अक्षरांचा आकार, जाडी, अंतर आणि जागा एवढ्याच गोष्टींचा विचार करावा लागतो. श्रेयनामावलीत त्यांच्या जोडीला काळ येतो. अक्षर केव्हा प्रकटावे, किती वेळ स्थिर राहावे व कसे नाहीसे व्हावे, हे ठरवावे लागते. चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटींचा असल्याने तीन मिनिटांच्या नामावलीत ४,३२० चौकटी येतात. रेखाटनाद्वारे हालचाल निर्माण करावयाची असल्यास बहुधा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात. तरीही दर सेकंदाला १२ चित्रे लागतात. नाव वाचून होईपर्यंत ते स्थिर किंवा मंदगती असावे आणि हालचालीचा भर दोन नावांमधील अवकाशात असावा, हा यातील मूलभूत संकेत आहे. संगीताचा ताल आणि अक्षरांचे येणेजाणे यांचाही मेळ घालावा लागतो.

नावांचा क्रम व आकार हे केवळ सौंदर्याचे प्रश्न नसतात. हॉलिवुडमध्ये ते करारानेही ठरतात. ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ (१९७४) या चित्रपटात स्टीव्ह मक्वीन व पॉल न्यूमन हे दोघेही अग्रस्थानाचे मानकरी होते. मक्वीनचे नाव डावीकडे पण खाली व न्यूमनचे उजवीकडे पण किंचित वर मांडून हा पेच सोडविण्यात आला. डावीकडून वाचणाऱ्यास एक नाव पहिले, तर वरून वाचणाऱ्यास दुसरे पहिले ठरते.

इतिहास : मूकपटांच्या काळात चित्रपटाचे नाव, पात्रपरिचय व संवाद हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून दाखवीत. या पाट्या लिहिणारे व सजविणारे चित्रकार बहुधा अनामिक राहिले. पुढे विख्यात दिग्दर्शक झालेल्या ॲल्फ्रेड हिचकॉकने १९२१ च्या सुमारास लंडनमधील एका चित्रपटनिर्मितिगृहात अशाच पाट्यांचे आरेखन करून चित्रपटव्यवसायात प्रवेश केला. बोलपटांच्या आगमनानंतर संवादांच्या पाट्या गेल्या, नावांच्या राहिल्या. पडदा, मखमल किंवा पुस्तकाची उलटणारी पाने यांच्या पार्श्वभूमीवर त्या दाखविण्याचा प्रघात पडला. चित्रपटगृहात लोक स्थानापन्न होईपर्यंतचा हा रिकामा वेळ, अशीच तिच्याविषयी सर्वसाधारण समजूत होती.

ही समजूत बदलण्यात अमेरिकन आरेखनकार सॉल बॅस (१९२०–९६) याचा वाटा सर्वांत मोठा आहे. न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या बॅसला जॉर्ज केपेश या हंगेरियन कलाशिक्षकाचे मार्गदर्शन लाभले होते. जाहिराती व भित्तिपत्रके यांच्या क्षेत्रातून तो चित्रपटाकडे वळला. ऑटो प्रेमिंजर दिग्दर्शित ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५) हा हेरॉइनच्या व्यसनात सापडलेल्या वादकाविषयीचा चित्रपट. त्याच्या प्रारंभी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या येतात, जॅझ संगीताच्या तालावर सरकतात आणि शेवटी त्यांतून कागद कापून केल्यासारखा एक वाकडातिकडा हात तयार होतो. नायकाचा चेहरा किंवा प्रसंग न दाखविता विषयाचा गाभा एका चिन्हात पकडण्याची ही रीत होती. भित्तिपत्रकावर व जाहिरातींतही तेच चिन्ह वापरले गेले.

हिचकॉकच्या तीन चित्रपटांसाठी बॅसने केलेले काम या कलेचा पाठ म्हणून अभ्यासले जाते. ‘व्हर्टिगो’त (१९५८) स्त्रीच्या डोळ्यातून फिरते सर्पिल उमलतात. त्यांचे चित्रण जॉन व्हिटनी याने विमानविरोधी तोफांच्या नेमासाठी बनविलेल्या यांत्रिक गणकाचा उपयोग करून केले होते. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (१९५९) तिरप्या रेषांचे जाळे तयार होते, त्या रेषांच्या उतारावरून नावे सरकतात आणि अखेर ते जाळेच न्यूयॉर्कमधील एका काचेच्या इमारतीचा दर्शनी भाग ठरते. ‘सायको’त (१९६०) करड्या पट्ट्या नावांना तोडतात, क्षणभर जुळवितात आणि पुन्हा तोडतात; दुभंगलेल्या मनाची कल्पना त्यातून सूचित होते. तिन्ही ठिकाणी साधने थोडी आहेत आणि नावे मात्र स्पष्ट वाचता येतात.

बॅसच्या समकालीनांनी निरनिराळ्या वाटा चोखाळल्या. मॉरिस बाइंडरने ‘डॉक्टर नो’पासून (१९६२) जेम्स बाँडपटांची बंदुकीच्या नळीतून दिसणारी प्रसिद्ध चौकट रूढ केली. रॉबर्ट ब्राउनजॉनने ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’साठी (१९६३) अक्षरे नर्तकीच्या हलत्या देहावर प्रक्षेपित केली, त्याचा गुरू मोहोली–नॉज याच्या प्रकाशविषयक प्रयोगांचा तो वारसा होता. पाब्लो फेरोने ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’साठी (१९६४) संपूर्ण पडदा व्यापणारी, कमीअधिक जाडीची हस्तलिखित अक्षरे काढली. रेषा बारीक असल्याने मागील विमानांचे दृश्य झाकले जात नाही. ‘द पिंक पँथर’च्या (१९६३) नामावलीसाठी निर्मिलेला गुलाबी चित्ता तर पुढे स्वतंत्र व्यंगपटमालिकेचा नायक झाला.

नाव आणि न्याय : श्रेयनामावलीचे सामाजिक महत्त्व अमेरिकेतील काळ्या यादीच्या इतिहासावरून ध्यानात येते. साम्यवादी असल्याच्या संशयावरून १९४७ पासून अनेक लेखक-कलावंतांना हॉलिवुडमध्ये उघडपणे काम करण्याची बंदी झाली. त्यांपैकी पटकथालेखक डाल्टन ट्रंबो याने १९५० मध्ये तुरुंगवास भोगला आणि त्यानंतर दुसऱ्यांच्या किंवा खोट्या नावांनी लेखन केले. ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) व ‘द ब्रेव्ह वन’ (१९५६) या चित्रपटांच्या कथांना ऑस्कर पारितोषिके मिळाली, परंतु पडद्यावर ट्रंबोचे नाव नव्हते. १९६० मध्ये ‘स्पार्टाकस’ आणि ‘एक्झोडस’ या दोन चित्रपटांत ते प्रकटले आणि काळी यादी मोडण्यास त्याची मोठी मदत झाली. या दोन्ही चित्रपटांच्या नामावल्या बॅसच्याच आहेत. ‘स्पार्टाकस’मध्ये रोमन शिल्पांचे हात व मुखवटे एकामागून एक येतात आणि अखेरचा मुखवटा तडकून फुटतो. तेथे लेखकाचे नाव येते ते आकाराने इतर नावांसारखेच. तथापि तेरा वर्षांच्या मौनानंतर ते येते. ‘रोमन हॉलिडे’चे पटकथेचे श्रेय लेखकसंघटनेने ट्रंबोला अधिकृतपणे दिले, ते त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, २०११ मध्ये.

भारत : दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण व शिलामुद्रण या व्यवसायांत होते. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयाशीही त्यांचा संबंध आला होता. त्यामुळे चित्र, अक्षर आणि छपाई यांचे संस्कार भारतीय चित्रपटाला जन्मापासूनच लाभले. आगकाड्यांच्या हालचालींवरील त्यांचा लघुपट हा चलच्चित्रणाचा भारतातील एक आद्य प्रयोग होय. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले प्रभात कंपनीचे विष्णुपंत दामले व एस्. फत्तेलाल हेही मुळात चित्रकारच होते.

सत्यजित राय (१९२१–९२) यांच्या ठायी या विषयाशी संबंधित सर्व कला एकवटल्या होत्या. कलकत्त्यातील जाहिरातसंस्थेत १९४३ पासून त्यांनी आरेखनकार म्हणून काम केले आणि ग्रंथांची मुखपृष्ठे व बोधचित्रे काढली. ‘पथेर पांचाली’ कादंबरीच्या बालांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांचीच आहेत. त्याच कथेवरील चित्रपटाची (१९५५) नामावली त्यांनी जुन्या पोथीची आठवण करून देणाऱ्या हस्ताक्षरांत दिली. ‘चारुलता’त (१९६४) नावे येत असताना नायिकेचे हात रुमालावर पतीच्या नावाचे आद्याक्षर भरताना दिसतात. रिकामा वेळ, संपन्न घर आणि पतीविषयीची ओढ हे सर्व संवादाविना सांगितले जाते. येथे अक्षर हेच चित्र बनले आहे.

मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगपट विभाग सुरू झाला आणि वॉल्ट डिझ्नीकडे काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुणांना शिक्षण दिले. त्या पिढीतील राम मोहन (१९३१–२०१९) यांनी पुढे कथाचित्रांसाठीही चलच्चित्रण केले. ‘शतरंज के खिलाडी’तील (१९७७) संस्थानांच्या विलिनीकरणाचा विनोदी चलच्चित्रखंड त्यांच्या कामाचा परिचित नमुना होय.

देवनागरीचे प्रश्न : रोमन लिपीतील अक्षरे सुटी असल्याने ती एकेक करून पडद्यावर आणता येतात. देवनागरीत शिरोरेषा शब्दाला बांधून ठेवते आणि मात्रा व्यंजनाच्या चारही बाजूंस लागतात. ‘दिग्दर्शक’ हा शब्दच घेतला, तर पहिल्या अक्षराची वेलांटी उच्चारात नंतर पण लेखनात आधी येते, ‘ग’ अर्धा होऊन ‘द’ला जोडला जातो आणि रफार ‘श’च्या डोक्यावर बसतो. घटक सुटे करून हालविल्यास मध्येच निरर्थक आकार दिसतात. म्हणून ‘दि’, ‘ग्द’, ‘र्श’, ‘क’ असे पूर्ण अक्षर हेच हालचालीचे एकक मानावे लागते, किंवा शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली अक्षरे उमलू द्यावी लागतात. ही रीत लिहिणाऱ्या हाताच्या सवयीहून उलटी असली, तरी वाचनास बाधक ठरत नाही. रोमन लिपी गृहीत धरून घडविलेल्या आरंभीच्या संगणकीय साधनांत जोडाक्षरे तुटत असत. भारतीय लिप्यांच्या संगणकीय अक्षररचनेच्या क्षेत्रात मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी मोलाचे कार्य केले. ‘मंगल’ हे सर्वत्र पोहोचलेले अक्षरवळण त्यांचेच आहे.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाने हे काम झपाट्याने बदलले. काइल कूपरने ‘सेव्हन’साठी (१९९५) केलेली, ओरखडून काढल्यासारख्या थरथरत्या अक्षरांची नामावली नव्या पिढीला प्रेरक ठरली. चित्रपटातील नामावलीचा मोठा भाग आता अखेरीस जातो आणि तंत्रज्ञांची संख्या वाढल्याने तो कित्येक मिनिटे चालतो. दूरचित्रवाणी मालिकांना मात्र प्रारंभीची नामावली हीच ओळख ठरली आहे. नेटफ्लिक्स या प्रसारण-सेवेने २०१७ मध्ये ती एका कळीसरशी वगळण्याची सोय केली. अशा काळात आरेखनकाराची कसोटी अधिक कठीण झाली आहे. प्रेक्षकाने आपण होऊन थांबावे इतकी ओढ रचनेत हवी आणि तो थांबल्यावर त्याला नावे वाचता यावीत इतका संयमही हवा. ज्यांचे श्रम पडद्यावर अन्यत्र कोठेही दिसत नाहीत, अशा शेकडो व्यक्तींची सार्वजनिक नोंद या काही मिनिटांवर अवलंबून असते.