रक्तस्राव म्हणजे पाळीच असे नव्हे

‘पाळी आली, म्हणजे दिवस राहिलेले नाहीत,’ असा सरळ हिशेब बहुतेक घरांत मांडला जातो. तो बहुतांशी बरोबरही ठरतो. मात्र जेव्हा चुकतो, तेव्हा प्रसंगी स्त्रीच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच पाळी आणि रक्तस्राव यांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे.

स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर बीजकोशात पीतपिंड तयार होतो. त्यातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाचे अस्तर टिकवून धरते. गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटते आणि अस्तर गळून पडते. हीच मासिक पाळी. गर्भ राहिल्यास मात्र त्यापासून ‘एचसीजी’ हे संप्रेरक तयार होते व ते पीतपिंडाला सुकू देत नाही. परिणामी अस्तर टिकते आणि पाळी थांबते. याचाच अर्थ, गरोदरपणात खरी पाळी येत नाही.

रक्तस्राव मात्र होऊ शकतो. सुमारे चारपैकी एका गरोदर स्त्रीला पहिल्या तीन महिन्यांत कमी-अधिक रक्तस्राव होतो. त्यांपैकी अनेकींची प्रसूती पुढे सुरळीत होते. गर्भ रुजण्याच्या सुमारास काहींना हलके डाग लागतात. हे दिवस नेमके पाळीच्या तारखेजवळ येत असल्याने गैरसमज होतो. गरोदरपणात गर्भाशयमुखाचा रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे संबंधानंतरही रक्त दिसू शकते. कधी रक्तस्राव ही गर्भपाताची सुरुवात असते, तर क्वचित द्राक्षगर्भाची खूण.

सर्वांत धोकादायक म्हणजे गर्भनलिकेत रुजलेला गर्भ. शंभर गर्भधारणांमागे एक ते दोन गर्भ असे गर्भाशयाबाहेर रुजतात. अशा वेळी थोडा, गडद रंगाचा रक्तस्राव होतो आणि ‘या वेळी पाळी कमी गेली’ असे समजून स्त्री स्वस्थ राहते. पुढे नलिका फुटली, तर पोटात मोठा रक्तस्राव होऊन काही तासांत प्राण धोक्यात येतात. पोटाच्या एका बाजूला तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी येणे ही लक्षणे दिसताच सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुकानातून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या येथे विशेष घातक ठरतात. नलिकेतील गर्भावर त्यांचा उपाय चालत नाही. परंतु रक्तस्राव झाल्याने ‘मोकळे झाले’ असे वाटते. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनंतर दिसणारे रक्तही गर्भ राहिला नसल्याची खात्री देत नाही.

जिवाला धोका नसला, तरी चुकीच्या हिशेबाचे परिणाम उरतातच. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजले जातात. मधल्या रक्तस्रावालाच पाळी मानल्यास प्रसूतीची तारीख सुमारे महिनाभर चुकू शकते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, तर त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंतची मुभा ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांनाच आहे. अशा वेळी एक महिनाही निर्णायक ठरतो.

मग ओळखावे कसे? नेहमीपेक्षा कमी, लवकर, उशिरा किंवा वेगळ्या रंगाचा रक्तस्राव झाल्यास लघवीची चाचणी करावी. ही चाचणी एचसीजीच शोधते. सकाळची पहिली लघवी त्यासाठी उत्तम. उत्तर नकारार्थी येऊनही शंका राहिली, तर आठवड्याने पुन्हा तपासावे. पाळी अनियमित असल्यास शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेली चाचणी भरवशाची असते. गर्भ नेमका कोठे आहे, हे मात्र सोनोग्राफीनेच कळते. गरोदर स्त्रीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर रक्तस्राव होताच डॉक्टरांना तसे सांगावे.

पेण तालुक्यातील डोलवीसारख्या गावात पोलाद कारखान्यामुळे परगावची व परप्रांतांतील कुटुंबे येऊन राहिली आहेत. सासर-माहेर दूर असलेल्या तरुण स्त्रीला अशी शंका विचारण्यास अनेकदा जवळचे माणूस नसते. तिने गावातील आशाताईंना विचारावे. ‘निश्चय’ हा चाचणीसंच आशांमार्फत मोफत देण्याची सरकारी योजना आहे. पुढील तपासणीसाठी पेणचे उपजिल्हा रुग्णालय व अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे, तर तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले होते. त्यांपैकी फारच थोड्या जणी त्यासाठी पूर्वी डॉक्टरकडे गेल्या होत्या. संकोचाने अंगावर काढण्याची ही सवय शहरांतही आढळते. पाळीच्या तारखेबरोबरच रक्तस्राव किती दिवस व किती झाला, याचीही नोंद कॅलेंडरवर ठेवली, तर शंका वेळीच येते. आणि शंका आली की चाचणी करणे हाच शहाणपणा.