अवघड जागेचे दुखणे

अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती ऐकून आपण हसतो. परंतु तिच्यात जो संकोच दडलेला आहे, तो क्वचित प्राणावरही बेततो. गुदद्वाराभोवतीच्या त्वचेचा एक दुर्मिळ कर्करोग हे याचे ठळक उदाहरण होय.

लंडनचे शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली स्तनाग्रावरील एका चिवट चट्ट्याचे वर्णन केले. इसबासारखा भासणारा हा चट्टा स्तनाच्या कर्करोगाची पूर्वसूचना असतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १८९३ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ दारिए व त्यांचे सहकारी यांना तसाच विकार गुदद्वाराभोवती आढळला. तोही पॅजेटच्याच नावाने ओळखला जातो.

हा रोग बहुधा उतारवयात होतो. आरंभी नुसती खाज सुटते. मग तांबूस, ओलसर चट्टा उमटतो. कधी खपली धरते, कधी रक्ताचा डाग दिसतो. रोगी त्याला मूळव्याध समजतो, कोणी नायटा म्हणतो. मलमाच्या नळ्यांमागून नळ्या संपतात, वर्षे लोटतात आणि चट्टा पसरत राहतो. म्हणून योग्य उपचार करूनही काही आठवड्यांत जो चट्टा बरा होत नाही, त्याचा तुकडा तपासून घेतलाच पाहिजे.

ही तपासणी सोपी आहे. जागा बधिर करून त्वचेचा लहानसा तुकडा काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या वरच्या थरात मोठ्या, फिकट पेशी विखुरलेल्या दिसतात. त्या आल्या कोठून, हा पुढचा प्रश्न. काही रोग्यांत त्या त्वचेतच उपजतात. काहींत मात्र गुदाशयातील कर्करोगच त्वचेपर्यंत पसरलेला असतो. पेशींवरील विशेष रंजनक्रियांनी या उगमाचा माग लागतो. शिवाय मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून पाहणी आवश्यक ठरते.

रोग त्वचेपुरताच असेल, तर सभोवतालच्या काही निरोगी त्वचेसह चट्टा कापून काढणे हा प्रमुख उपाय होय. डोळ्यांना दिसते त्या कडेपलीकडेही रोग पसरलेला असतो. यास्तव भोवतालच्या अनेक ठिकाणचे तुकडे आधी तपासतात. मोठी जखम त्वचारोपणाने झाकतात. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांना इमिक्विमॉड हे मलम किंवा किरणोपचार देता येतात. मुळाशी गुदाशयाचा कर्करोग निघाल्यास उपचार त्या कर्करोगाचे करावे लागतात आणि प्रसंगी मलविसर्जनाचा मार्ग पोटावर काढावा लागतो.

रोग वरच्या थरात असतानाच सापडला, तर भवितव्य बहुधा चांगले असते. खोल रुजल्यास तो जांघेतील लसीकाग्रंथींत पोहोचू शकतो. बरा झाल्यावरही तो पुन्हा उद्भवण्याचा संभव असल्याने अनेक वर्षे नियमित तपासणी करून घ्यावी लागते.

श्रोतेहो, अशी खाज बहुतेक वेळा साध्याच कारणाने येते. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. मात्र ती हटत नसेल, तर भीड बाजूला सारून डॉक्टरांना जागा दाखवावी. घरातील वडीलधाऱ्यांना हे बोलणे जड जाते. त्यांची विचारपूस आपणच करावी, हे श्रेयस्कर.